विश्लेषण : नवा लॅपटॉप सदोष निघाला, तर दुकानदाराची जबाबदारी कुठवर?

जून ते दिवाळी हा लॅपटॉप खरेदीचा हंगाम. महाविद्यालयातला प्रवेश, नवी नोकरी, दसऱ्याच्या सवलती अशा निमित्तांनी घरोघरी पन्नास-साठ हजारांची ही खरेदी होते, अनेकदा हप्त्यांवर. एवढे पैसे मोजून आणलेला लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी चार्ज होईना किंवा पडद्यावर रेषा उमटू लागल्या, तर ग्राहक साहजिकच दुकान गाठतो. तिथे ठरलेले उत्तर मिळते : ‘आम्ही फक्त विकतो, तुम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ हे उत्तर इतके सरसकट दिले जाते, की तोच नियम असावा असे वाटू लागते. कायदा मात्र वेगळे सांगतो.

दुकानदाराला हात झटकता येतात का?

नाही. बिल दुकानाच्या नावाचे असते, पैसे दुकानदाराने घेतलेले असतात, म्हणजेच खरेदीचा करार त्याच्याशी झालेला असतो. कंपनीची वॉरंटी हे त्यावरचे जादा संरक्षण आहे; तिच्यामुळे विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार विक्रेता आणि उत्पादक कंपनी अशा दोघांविरुद्ध करता येते. सदोष वस्तू परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही या कायद्याच्या व्याख्येत ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याचे काय?

हा शिक्का रंग किंवा मॉडेल नंतर आवडले नाही म्हणून माल परत करू पाहणाऱ्या ग्राहकापुरता ठीक आहे. निव्वळ मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही. तशी सवलत कोणी देत असेल तर तो त्याच्या व्यवसायाचा भाग. वस्तूच सदोष असेल तर मात्र बिलावरचा शिक्का कायद्याच्या वर जात नाही. ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ या पाटीचेही तसेच. सात दिवसांत विनातक्रार बदलून देण्याची ती दुकानाची योजना असते. आठव्या दिवशी योजना संपते, कायदेशीर हक्क संपत नाही.

दोष कशाला म्हणायचे?

वस्तूचा दर्जा, प्रमाण किंवा क्षमता यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे जे असायला हवे त्यात उणीव असणे, म्हणजे दोष. चार्जिंग न होणे, आपोआप बंद पडणे, कीबोर्डची बटणे न चालणे हे उघड दोष आहेत. सांगितली त्यापेक्षा कमी रॅम किंवा वेगळा प्रोसेसर निघणे हेही यातच येते. पाणी सांडले, हातातून पडला किंवा बाहेर कुठे उघडून घेतला, तर दावा कमकुवत होतो. पडद्यावरच्या एखाद्या मृत ठिपक्याबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते; ते खरेदीपूर्वीच विचारलेले बरे.

बदली मिळणार की दुरुस्ती?

खरा वाद इथेच होतो. बहुतेक कंपन्या पहिल्या काही दिवसांत बिघडलेल्या लॅपटॉपला व्यापारी भाषेत ‘डीओए’, म्हणजे हाती आला तोच बिघडलेला, असे मानतात. सर्व्हिस सेंटरने तसा दाखला दिला की विक्रेता तो बदलून देतो. ही मुदत कंपनीगणिक वेगळी आणि थोडकीच असते. ती उलटली की ग्राहकाला दुरुस्तीच्या रांगेत उभे केले जाते. म्हणून सर्व्हिस सेंटरला जावे लागले तरी दुरुस्तीला लगेच होकार न देता आधी डीओए दाखला मागावा.

यामागे एक जुने कायदेशीर कारणही आहे. माल विक्री कायदा, १९३० नुसार माल तपासून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळायला हवी आणि नाकारण्याजोगा माल तो नाकारू शकतो. पण वाजवी काळ उलटूनही नाकारल्याचे न कळवता तो स्वतःजवळ ठेवला, तर ग्राहकाने माल स्वीकारला असे धरले जाते. ‘बघू, दोन-चार दिवस वापरून’ म्हणत गप्प बसणे त्यामुळेच महागात पडते. दोष दिसताच ‘हा लॅपटॉप सदोष आहे, बदलून द्या किंवा पैसे परत करा’ असे ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवावे. तोंडी तक्रार पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पहिल्या दिवसांत काय जपावे?

खोके फोडतानाचे चित्रीकरण करावे. खोके, बिल आणि लॅपटॉपची खालची बाजू या तिन्ही ठिकाणचा सीरियल क्रमांक जुळतो का, ते पाहावे. कंपनीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली तेही तपासावे. ती खरेदीच्या आधीची निघाली तर लगेच विचारणा करावी. पहिल्या दोन दिवसांतच चार्जिंग, बॅटरी, वायफाय, कॅमेरा, ध्वनी, सर्व पोर्ट आणि प्रत्येक बटण चालवून बघावे. खोके, थर्मोकोल आणि चार्जरची पिशवी महिनाभर तरी टाकू नये.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप ठेवताना जॉबशीट घ्यायलाच हवे. त्यावर तारीख आणि दोषाचे नेमके वर्णन असावे. ‘चेक करणे’ एवढाच शेरा स्वीकारू नये. आपल्या फायलींची प्रत काढून ठेवावी, खात्यांतून बाहेर पडावे. लॅपटॉप हप्त्यांवर घेतला असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्ज वित्तसंस्थेचे असते, भांडण दुकानदाराशी. हप्ता चुकला तर आपलीच पत बिघडते.

ऑनलाइन घेतला असेल तर?

ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये लागू झाले. त्यांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेता तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि अनेकदा तेवढ्याने काम होते. महाराष्ट्रात १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतला असला तरी साताऱ्यात राहणारा ग्राहक साताऱ्यातच तक्रार करू शकतो. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह पैसे परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. लॅपटॉप धंद्यासाठी घेतला असेल तर मात्र अडचण येऊ शकते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला असेल तर ती येत नाही.

मग अडते कुठे?

दोष सिद्ध करण्याच्या ओझ्यापाशी. लॅपटॉप मुळात सदोष होता, हे आपल्याकडे ग्राहकाला दाखवून द्यावे लागते. त्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल लागू शकतो. प्रयोगशाळेतली तपासणी लागणार असेल तर प्रकरण पाच महिन्यांत, नसेल तर तीन महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याहून खूप लांबतात. तोवर विद्यार्थ्याचे सत्र संपते आणि लॅपटॉपचे ते मॉडेलही जुने होते. दुकानदारांना हे ठाऊक असते. ‘सर्व्हिस सेंटरला जा’ या उत्तराची खरी ताकद ग्राहकाच्या या थकव्यात आहे.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांत दिसलेला दोष सर्वसाधारणपणे सुरुवातीपासूनचाच मानला जातो. तसा नव्हता, हे विक्रेत्याने दाखवायचे. अशी तरतूद आपल्याकडे हवी. त्यात छोट्या दुकानदारावर अन्याय होईल, हा आक्षेप खोटा नाही. वितरक आणि कंपनी माल परत घेत नाहीत, म्हणून तोही अनेकदा अडकलेला असतो. पण त्यावरचा उपाय कंपनीने दुकानदाराची ठरावीक दिवसांत भरपाई करावी, असा असायला हवा. आज त्या दोघांमधल्या हिशेबाची किंमत ग्राहक मोजतो आहे. नव्याचे पैसे देऊन आठवड्याभरात दुरुस्त केलेला लॅपटॉप घरी नेणे म्हणजे नव्याच्या भावात जुनी वस्तू घेणे. कायदा बदलेपर्यंत ग्राहकाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी : दोष दिसताच केलेली लेखी तक्रार आणि तारीख घातलेला प्रत्येक कागद.