दोन खाती, एक हिशेब नव्हे



डिसेंबरात तारकर्लीला जाणे झाले. मालवणच्या बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान असलेल्या एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. घरात चर्चा एकच, कॉक्लिअर इम्प्लांटची. स्नेह्यांना गेल्या चार वर्षांत दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले आहे. श्रवणयंत्राचाही उपयोग उरलेला नाही. त्यांची पुतणी, वय सव्वीस, जन्मतःच कर्णबधिर. तिचे वडील मला म्हणाले, "साहेब, दोघांचे एकदम केले तर भावात काही सूट मिळेल का? मुलीला ऐकू आले तर स्थळही लवकर जमेल."

श्रवणयंत्र आवाज मोठा करते, इम्प्लांटचे काम निराळे. शस्त्रक्रियेने आंतरकर्णाच्या शंखाकृती भागात बारीक इलेक्ट्रोड बसवतात. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे संकेतांत रूपांतर करतो आणि ते विद्युत्‌रूपाने थेट श्रवणाच्या नसेपर्यंत पोहोचतात. अर्थ लावणे मात्र मेंदूकडेच राहते. ज्याने पन्नास वर्षे भाषा ऐकली त्याच्या मेंदूत जुनी नोंद शिल्लक असते. काही महिन्यांच्या सरावाने अशा पुष्कळांना संभाषण कळू लागते. जन्मापासून काहीच न ऐकलेल्या प्रौढाला दाराची घंटा, गाडीचा भोंगा यांची चाहूल लागते. केवळ ऐकून शब्द उलगडणे बहुधा अवघडच राहते. यंत्र तेच, किंमत तीच, परतावा वेगळा.

खर्चाच्या बाजूला केंद्र सरकारच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी साहाय्य आहे, पण ते बालकांसाठी. प्रौढाला घरची तिजोरीच उघडावी लागते. भांडवली खर्च सर्वांना दिसतो. महसुली खर्च कोणी मांडत नाही. बॅटऱ्या, वायरी, काही वर्षांनी नवा प्रोसेसर, शिवाय यंत्र जुळवून घेण्यासाठी मोठ्या शहराच्या फेऱ्या. मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर! त्या कानात उरलेसुरले नैसर्गिक श्रवण असेल तर तेही जाण्याचा संभव असतो. वापरून पाहून माल परत करावा, अशी सोय येथे नाही.

तरीही स्नेह्यांना मी 'करा' असेच सांगितले. त्यांनी प्रवचनाला जाणे सोडले आहे. गिऱ्हाईक भाव विचारते ते नोकराला. शेठजी गल्ल्यावर नुसते बसून असतात. वहिनी पाटीवर लिहून बोलतात. हे नुकसान कोणत्या वहीत मांडणार? विजेचे साधन सामायिकात चालेल का, ही त्यांची शंका खरी होती. ती त्यांनी महाराजसाहेबांना विचारावी, बँकवाल्याला नव्हे.

पुतणीची गोष्ट निराळी. ती दुकानाचे सर्व हिशेब संगणकावर ठेवते, मैत्रिणींशी खुणांच्या भाषेत तासन्‌तास बोलते. तारकर्लीला आम्ही स्कूबा डायव्हिंग पाहायला गेलो होतो. पाण्याखाली सगळेच हाताच्या खुणांनी बोलतात. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. इतर पर्यटक या खुणांत गोंधळत होते. हिला एकदाच दाखवाव्या लागल्या.

होडीतून परतताना वडील पुन्हा सूट आणि स्थळ यांवर आले. तिला कोणी विचारले होते का? नव्हते. मी मोबाइलवर प्रश्न टंकून तिच्यापुढे धरला. तिने यंत्राची माहिती, जोखीम, खर्च सारे शांतपणे वाचले आणि खाली लिहिले, "काकांचे आधी करा. माझे मी ठरवीन."

वडिलांनी ते दोनदा वाचले. स्नेह्यांच्या तपासण्या पुढील महिन्यात आहेत, सोबत पुतणीच जाणार आहे.