‘दारुड्या होता’ म्हणून फाईल बंद!

बुलडाणा जिल्ह्यात कुणी आत्महत्या केली की गाव दोनच प्रश्न विचारते. कर्ज किती होते? आणि पीत होता काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही. गावही मोकळे, शासनही मोकळे!

शासनाने विदर्भातले जे सहा जिल्हे आत्महत्याग्रस्त म्हणून गणले, त्यांत बुलडाणा आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. मृताच्या कुटुंबाला एक लाखाची मदत देताना मात्र ‘पात्र-अपात्र’ची चाळणी लागली. सातबारा आहे काय, कर्ज बँकेचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय? त्यात ‘व्यसनाधीन’ असा शेरा पडला की प्रकरण अपात्रतेच्या वाटेला लागायचे. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीन मजुराचे काय? त्याचे मरण या टेबलापर्यंत पोचतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२१ चे आकडे पाहा. देशात ५,३१८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि ५,५६३ शेतमजुरांनी. मजुरांचा आकडा मोठा असताना पॅकेज कुणाच्या नावाने निघते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याच अहवालात दारू आणि अंमली पदार्थांचे व्यसन या कारणाखाली १०,५६० मृत्यू आहेत आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. मानसिक आजाराचा रकाना वेगळा. पोलीस शिपाई पंचनाम्यावरून एकच कारण लिहितो. पण मनोविकारशास्त्र काय सांगते? हे दोन रकाने बहुतेक वेळा एकाच माणसाच्या अंगावर असतात. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, म्हणून माणूस पितो. चार तास बरे वाटते. पुढे त्याच दारूने उदासी वाढते, मजुरी बुडते, घरात भांडण होते आणि पुन्हा बाटली जवळ येते. आधीच उदासीनतेचा किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्या माणसाला व्यसन जडले की स्वतःला इजा करून घेण्याचा धोका कितीतरी वाढतो. मरणाचा विचार अनेकांच्या मनात येतो आणि तासाभराने ओसरतोही. नशेत तो तासभर थांबवणारा लगामच सुटतो. त्यात फवारणीचे औषध घरात उघड्यावर असले तर सांगायलाच नको. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणत नेली, तसे तिथले आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर खाली आले. माणसे तीच होती, दुःखेही तीच होती.

आणखी एक गोष्ट गावाला कुणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, झटके येतात, नसलेली माणसे दिसतात, तो बडबडू लागतो. ही दारू तुटल्याची लक्षणे आहेत, जिवावर बेतणारी आहेत आणि दवाखान्यात त्यावर उपचार आहे. गाव मात्र म्हणते, ‘बाहेरचे लागले!’ मग गाडी निघते सैलानीला. सैलानीच्या दर्ग्यावर सर्व जातीधर्मांची माणसे आपले रुग्ण घेऊन येतात. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण राज्यात सरकारी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. बुलडाण्याच्या माणसाला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. सैलानी तालुक्यातच! ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळीने बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. साखळी निघाली तरी औषधाची सोय व्हायलाच हवी ना!

आता थोडे आपल्या घरातले. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना बजावले होते की दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात ते शील आहे. ती शिकवण होती म्हणून हजारो घरे वाचली. पण आपण त्या प्रतिज्ञेचा अर्थ काय केला? प्रतिज्ञा मोडणाऱ्याची विहारात कुजबुज, मंडळात टिंगल. तो तोंड लपवतो, दवाखान्यातही खरे सांगत नाही. दारू गावात आणणाऱ्या दुकानदाराशी भांडायचे आणि त्या दारूने आजारी पडलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचे, ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याची आहेत. २०१९ मध्ये ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचे आढळले. त्यातही मनोविकार विभाग म्हणतो, ‘आधी दारू सोडवून आणा’ आणि व्यसनमुक्तीवाला म्हणतो, ‘आधी डोक्याचा इलाज करा’. या फेऱ्यात मजुराची रोजी जाते.

हे होऊ शकत नाही असे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत गावातल्याच लोकांना शिकवून ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालवला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उदासीनतेवर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ वर आले. शासनानेही २०१५ मध्ये बुलडाण्यासह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. मात्र त्याचे पूर्ण नाव ‘शेतकरी समुपदेशन आरोग्य सेवा’. मजूर इथेही नावात नाही.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर आता गुन्ह्याची भीती दाखवता येत नाही. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली मानते आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. याच कायद्यात दारूमुळे होणारे मनोविकारही मानसिक आजारात धरले आहेत. तेव्हा ‘चुकून प्याला’ असे डॉक्टरला खोटे सांगू नका. खरे सांगा, आणि सुटी देण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाने तपासावे असा लेखी अर्ज द्या. रात्री-अपरात्री कुणी घरात तसे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घराबाहेर कुलपात ठेवा आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक लावा. आणि पुढच्या ग्रामसभेत आरोग्य अधिकाऱ्याला विचारा: आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी विषबाधेतून वाचलेल्या किती जणांकडे घरी गेल्यानंतर कुणी फिरकले?