'पित्त असेल' म्हणण्याआधी

परवा रोह्याहून दिव्याच्या गाडीने निघालो होतो. समोरच्या गृहस्थांनी नागोठणं यायच्या आत पित्ताची गोळी चघळली. 'जुनंच आहे हो,' म्हणाले. मला आमचे काका आठवले.

काका पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. सीझनमध्ये जागरणं, जेवणाची वेळ नाही. पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, पित्त! मीही फोनवर तेच म्हणालो, 'पित्त असेल, जागरण टाळा.' त्याची टोचणी आजही आहे.

पुढे दोन भाकऱ्या खाणारा माणूस अर्ध्या भाकरीत 'पोट भरलं' म्हणू लागला. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. आम्ही म्हटलं, कामाचा ताण. डांबरासारखी काळी शौच होते, हे तर त्यांनी लाजेपोटी महिनाभर सांगितलंच नाही. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं तोवर आजार जठराबाहेर पसरला होता. वर्षही गेलं नाही...

माझं मत विचाराल तर आपल्याकडे 'पित्त' हा आजार कमी आणि विषय संपवणारा शब्द जास्त आहे. जठराचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा गप्प असतो, नाहीतर साध्या अपचनासारखा वागतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने त्याचीही जळजळ काही काळ शमू शकते. म्हणजे 'गोळीने बरं वाटलं' हा काही पुरावा नव्हे!

मग काय पाहायचं? थोड्याशा खाण्यात पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलटी, घास अडकणं, उलटीत रक्त, काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, ते वेगळं), रक्त कमी होऊन येणारा थकवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं आणि न थांबणारं अपचनही त्यातच धरा. यातलं काही दिसलं तर गोळी बदलत बसू नये, डॉक्टरांना दुर्बिणीच्या तपासणीबद्दल सरळ विचारावं. नळीची भीती वाटते खरी, पण काम काही मिनिटांचं असतं. शंका वाटली तर तिथेच तुकडाही काढता येतो. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रत्येक जळजळ कॅन्सर नसते, बहुतेक वेळा नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू अल्सरच्या मुळाशी असतो, हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळालं. हाच जंतू जठराच्या कॅन्सरचंही मोठं कारण आहे. तो पोटात असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण सापडला तर औषधांनी घालवता येतो. तंबाखू आणि फार खारवलेलं खाणं धोका वाढवतं, आणि सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या आपण हे ऐकून ठेवलेलं बरं.

ही लक्षणं डॉक्टरांच्या आधी घरात दिसतात. ताट वाढणाऱ्याला, कपडे धुणाऱ्याला. त्यांनी विचारायला लाजू नये आणि आजाऱ्याने सांगायला.

असो. पेण येईपर्यंत त्या गृहस्थांना मी विचारलं, 'वजन उतरलंय का हो?' ते जरा थांबले. मग म्हणाले, 'बायकोही तेच म्हणते.'