माशांचा संप

"तुम्ही आता संप करा, काका," असे छत्रपती संभाजीनगरच्या त्या मासेवाल्याने मला सांगितले, तेव्हा मी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. नोकरीत असताना दोनदा संप केला आणि दोन्ही वेळा पगार कापून घेतला. आता पेन्शनीत निघाल्यावर संप करायचा तो कोणाविरुद्ध? माझा चेहरा पाहून त्याने खुलासा केला. संप म्हणजे माशांच्या पेटीपासून दूर, नजरेआड ठेवलेली दुसरी टाकी. पेटीतले वरचे पाणी नळीने आपोआप तिच्यात उतरते, तिथे स्पंजातून गाळले जाते आणि पंप ते परत पेटीत चढवतो.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय ८६. तेव्हापासून तिची खाट माजघरात. भिंतीकडे बघून ती कंटाळते म्हणून चिरंजीवांनी दिवाळीत चार फूट लांबीची काचेची पेटी आणि सहा सोनेरी मासे आणून दिले. "ही कसली थेरं!" असे आई दोन दिवस म्हणाली. आठवड्याभरात तिने त्या सहांना आपल्या नणंदा-जावांची नावे ठेवली, आणि कोण कोणाच्या तोंडचे खाणे पळवते याचा अहवाल मला रोज सकाळी चहाबरोबर मिळू लागला.

पण पेटीवरच्या गाळणीची मोटर गुणगुणे. दिवसा ते जाणवत नसे; रात्री मात्र आईला झोप लागेना. "तो भुंगा आधी बाहेर काढ रे," ती म्हणाली. मी रात्री मोटर बंद ठेवून पाहिली. सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंडे वर करून धापा टाकीत होते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचे निरुपद्रवी क्षारात रूपांतर करणारे जंतू गाळणीत वस्तीला असतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी तासन् तास थांबले की त्यांचीही उपासमार आणि माशांचीही. तेव्हा भुंगा बंद करायचा नाही, पण तो घरातही ठेवायचा नाही, अशा पेचात मी सापडलो होतो. म्हणून हा संप.

जागा मिळाली ती मागच्या अंगणात, न्हाणीशेजारच्या पत्र्याखाली. पेटीपासून अंतर २५ फूट. आमच्या घराचे जोते उंच, त्यावर पेटीचे टेबल, त्यावर पेटी. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंत चढ भरला बरोबर सात फूट. पेटीच्या वरच्या कडेशी भोक पाडून घेऊन उताराची नळी लावली. पाणी सुरेख खाली गेले. आता ते वर आणायचे होते.

पहिल्यांदा मी कूलरचा पंप लावला. मराठवाड्यात कोणत्या घरात जुना कूलर नाही? पंप सुरू झाला, नळी थरथरली आणि पाणी सहा फुटांपर्यंत येऊन उभे राहिले. एक फूट खाली माझा मोठा अपमान करीत ते तिथेच उभे होते. मग मी बाजारातून चांगला पंप आणला. पेटीवर ठळक छापले होते : ताशी ३००० लिटर. माझी माशांची पेटी २५५ लिटरची. हिशेब सोपा होता. तासाला तीन-चार वेळा पाणी फिरले तरी पुरे, इथे तर जवळजवळ बारा वेळा फिरणार! मी नळाखाली १५ लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावले. बादली भरायला अडीच मिनिटे लागली. म्हणजे ताशी ३६० लिटर. बाकीचे २६४० कोणी खाल्ले? उभा जन्म जमाखर्चात काढलेल्या माणसाला ही तूट सहन होणारी नव्हती.

पंप काखोटीला मारून मी आमच्या कन्नडच्या मोटर-रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. पंप सदोष आहे, असा माझा दावा होता. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "हेड किती, साहेब?"

मला उत्तर देता येईना. मिस्त्री म्हणाले, "विहिरीवर मोटर बसवायची तर अडाणी माणूससुद्धा आधी विहिरीची खोली सांगतो. तुम्ही लिटर वाचलं आणि पैसे दिले."

पेटीच्या कडेला बारीक अक्षरांत छापले होते : ३ मीटर. मला वाटले, हा पंप तीन मीटरपर्यंत पाणी नेतो. माझी उंची सव्वादोन मीटरही नाही, मग अडचण काय? मिस्त्रींनी समजावले. ३००० लिटर हा आकडा शून्य उंचीचा, आणि तीन मीटर ही शून्य पाण्याची उंची! या दोन टोकांच्या मध्ये पाणी घटत जाते. पेटीवर किंवा आतल्या कागदावर एक उतरती रेघ काढलेली असते, ती बघून पंप घ्यायचा. माझ्या सात फुटांवर या पंपाकडून हजार लिटरची आशासुद्धा धरू नये.

मीही सहजी हरणारा नव्हतो. म्हटले, पाणी तेवढ्याच उंचीवरून खाली येते आहे, मग ते वर चढणाऱ्या पाण्याला ओढणार नाही का? पाणचक्कीत नाही का पाणी पंपाशिवाय भिंतीवर चढत? शाळेच्या सहलीत आम्ही ती पाहिली होती आणि हौदातल्या माशांना फुटाणे टाकले होते. मिस्त्री हसले. पाणचक्कीचे पाणी मुळात डोंगरातून, त्या भिंतीहून उंच जागेवरून, बंद नळांतून येते. म्हणून ते चढते. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि शहराला नहरीचे पाणी दिले, तेही उताराच्याच जोरावर. माझे पाणी खालच्या उघड्या टाकीत पडले की त्याचा जोर तिथेच संपला. पुढचे सात फूट सगळे पंपाच्या डोक्यावर.

"आणि नळी कितीची?" त्यांनी विचारले. अर्ध्या इंचाची. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहिले. नवा पंप घेऊ नका, एक इंची पाइप टाका आणि काटकोनी एल्बो कमी करा, एवढेच सांगितले. नळीचा व्यास दुप्पट झाला की तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारा जोर सुमारे तीसपट कमी होतो, हे मी नंतर वाचले. त्या वेळी बादलीवरच विश्वास ठेवला. तोच पंप, तीच उंची. बादली सव्वा मिनिटात भरली. ताशी ७२० लिटर. पाणी तासाला जवळजवळ तीनदा फिरू लागले, आणि सहा माशांना तेवढे पुष्कळ झाले. याहून जबर पंप घेतला असता तर विजेचे मीटरही तितक्याच जोमाने फिरले असते. हा ६० वॉटचाच पंप दिवसाला जवळजवळ दीड युनिट खातो, कारण त्याला रविवारचीही सुट्टी नाही.

माजघर शांत झाले. आई गाढ झोपू लागली. मीही झोपू लागलो, आणि नेमके तिथेच चुकले.

श्रावणात एका रात्री लाइट गेली. पंप थांबला, आणि चढाच्या नळीतून पाणी उलटे अंगणाकडे निघाले. नळीचे तोंड मी हौसेने पेटीत आठ इंच खोल सोडले होते. माझ्या पेटीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. शंभराहून अधिक लिटर खाली उतरले. टाकीत जागा होती चाळीसाची. बाकीचे अंगणातून न्हाणीच्या मोरीत गेले. पूर्वी भुंगा थांबला असता तर घरातले कोणीतरी जागे झाले असते. आता शांततेतली शांतता कोणाला ऐकू येणार? पहाटे लाइट आली तेव्हा पंपाने होते तेवढे पाणी वर फेकले आणि मग तो हवा ओढत कोरडा घरघरत बसला. त्या कोरड्या घरघरीने मला जाग आली. पंप वाचला. मासे अर्ध्या पेटीत दाटीवाटीने उभे होते. एक गेला, आईने तिला धाकट्या जावेचे नाव दिले होते.

मी दुसऱ्याच दिवशी चढाच्या नळीला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर बारीक भोक पाडले. पाणी तिथवर उतरले की भोकातून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व बसवतात, पण त्यात काडी-कचरा अडकला की तो उघडाच राहतो. भोक अडकले तर टाचणीने साफ होते. अंगणातली टाकी आता मी अर्धीच भरतो. तिच्यावर रंगाची खूण केली आहे. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटते, पण कमी दिसते ते टाकीत, म्हणून खुणेकडे रोज पाहावे लागते.

लाइट गेल्याचे कळायला घंटी बसवावी, असे चिरंजीवांनी फोनवर सुचवले. आईने ऐकले आणि ती म्हणाली, "कशाला खर्च करता? मी आहे ना."

तिला रात्री तीनला जाग येतेच. खाटेवरून तिला पेटीच्या पाण्यावर रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप हलताना दिसते; दिवाच गेला तर तो अंधारही तिला कळतो. परवा वसुबारसेच्या रात्री हाक आली, "अरे ऊठ, पाणी हलत नाही." मी बॅटरी घेऊन अंगणात गेलो. लाइट होती, पंपाच्या तोंडाशी चिंचेची पाने अडकली होती. काढली. आत आलो तेव्हा ती पेटीकडेच बघत होती. "थोरली सगळ्यात आधी घाबरते," ती म्हणाली, "पहिल्यापासून तशीच आहे."