रुग्णालयाच्या दारापर्यंतचे शासन

दिल्लीत केंद्र सरकारच्या सेवेत असतानाची ही गोष्ट. आमच्या कार्यालयातील एका कंत्राटी वाहनचालकाची दीड वर्षांची पुतणी यकृताच्या आजाराने मरणपंथाला लागली होती. घर पूर्व उत्तर प्रदेशातील एका खेड्यात. यकृतातील पित्त बाहेर नेणाऱ्या नलिका जन्मापासूनच बंद असण्याचा, म्हणजे बिलिअरी ॲट्रेसियाचा, हा विकार होता. प्रत्यारोपणाखेरीज उपाय उरला नव्हता. आईच्या यकृताचा तुकडा चालण्यासारखा होता. अडले होते ते पैशांपाशी. मी सहाय्यनिधीचे अर्ज लिहून दिले, चार ठिकाणी दूरध्वनी केले, आणि रक्कम उभी राहिली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

मुलीला घरी सोडण्याच्या दिवशी मी मुद्दाम रुग्णालयात गेलो. परिचारिकांनी केक आणला होता. वर्षभर हळदीसारखे पिवळे असलेले तिचे डोळे स्वच्छ पांढरे दिसत होते. आई पोटावर हात धरून सावकाश चालत होती. बापाच्या एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी होती. मी कार्यालयात परतलो आणि फाईलवर शेरा लिहिला : 'प्रत्यारोपण यशस्वी. रुग्णास घरी सोडले. प्रकरण निकाली.' त्या शेऱ्याचे मला मोठे समाधान वाटले होते. आज त्याच शेऱ्याविषयी लिहायचे आहे.

आठ महिन्यांनी मुलीचे डोळे पुन्हा पिवळे झाले. तिला दिल्लीस आणले तेव्हा शरीराने नवे यकृत नाकारण्यास सुरुवात केली होती. चौकशीत उलगडले ते असे. बरोबर दिलेली औषधे तीन महिन्यांत संपली. तालुक्याच्या दुकानात ती मिळत नव्हती. बाप वाराणसीहून आणत असे. प्रत्येक खेपेला मजुरीचे दोन दिवस बुडत आणि उधारी वाढत जाई. रक्तातील औषधाचे प्रमाण तपासण्याची सोय त्या जिल्ह्यात नव्हती. मी थोडा रागावूनच विचारले, "औषध बंद का केले?" तो म्हणाला, "बंद नहीं की साहब, आधी कर दी थी." अर्धी मात्रा म्हणजे दुप्पट दिवस पुरणारे औषध, हा त्याचा हिशेब होता. गरिबाच्या घरात दूध, डाळ, तेल सगळे याच हिशेबाने पुरवले जाते.

मुलगी वाचली. परंतु यकृताचे जे नुकसान झाले ते सगळे भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आईने पोट चिरून दिलेल्या तुकड्याचा काही भाग अशा रीतीने वाया गेला. यात दोष बापाचा किती आणि माझ्यासारख्यांचा किती, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

प्रत्यारोपण हा आजाराचा शेवट नसतो. शरीर परक्या अवयवाला शत्रू मानते. त्याचा प्रतिकार दाबून ठेवणारे टॅक्रोलिमससारखे औषध सहसा दर बारा तासांनी आणि बहुतेकांना आयुष्यभर घ्यावे लागते. मात्रा कमी पडली तर अवयव जातो, जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते व संसर्ग बळावतो. मुलाचे वजन वाढते तशी मात्रा बदलावी लागते. क्षयावरील रिफाम्पिसिन सुरू झाले तर रक्तातील टॅक्रोलिमस झपाट्याने घटते. उलट एरिथ्रोमायसिनने ते वाढते. म्हणजे गावच्या डॉक्टरने तापखोकल्यावर सद्भावनेने दिलेली चिठ्ठीही घातक ठरू शकते.

याहून बोलके उदाहरण पोलिओ लसीचे आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलाला तोंडावाटे द्यायची पोलिओची जिवंत लस द्यावयाची नसते. घरातील भावंडांनाही टोचून देण्याची लस द्यावी, असा सल्ला असतो. परंतु मोहिमेच्या दिवशी दारात येणारी कार्यकर्ती 'एकही मूल सुटता कामा नये' हा आदेश घेऊन आलेली असते. तिने आपले काम चोख केले तर या घरात अपाय होण्याचा संभव आहे. हे तिला कोणी सांगायचे? रुग्णालयाला तिचे नाव ठाऊक नाही, आणि तिला रुग्णालयातून आलेला कागद इंग्रजीत आहे.

आपल्याकडे कायदा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन आजी-आजोबांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला. या कायद्याचा मुख्य रोख अवयवांचा व्यापार रोखण्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. दाता कोण, संमती कोणाची, रुग्णालय नोंदणीकृत आहे काय, हे सर्व तपासले जाते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत शासन पावलोपावली हजर असते. मूल रुग्णालयाच्या दाराबाहेर पडले की मात्र सारा भार कुटुंबावर येतो. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना नंतरच्या औषधांसाठी साहाय्य देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पण त्या बापाला ती कोणी सांगितली नव्हती. प्रामाणिकपणे लिहायचे तर त्या वेळी मलाही ती ठाऊक नव्हती, आणि ती शोधावी असे मला सुचलेही नव्हते.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. तीही रोज आणि आयुष्यभर घ्यायची औषधे आहेत. सुरुवात मोजक्या सरकारी रुग्णालयांतून झाली. पुढे केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली, नोंदवह्या आल्या, आणि औषध न्यायला न आलेल्या रुग्णाचा शोध घेण्याची पद्धत बसली. प्रत्यारोपण झालेली मुले त्या मानाने फारच थोडी आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करीत आहेत. नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. असलेल्या यंत्रणेला या मुलाचे नाव कळवण्याची आहे.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने करता येतील. एक, मूल घरी सोडण्यापूर्वी रुग्णालयाने त्याच्या जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना रीतसर पत्र देऊन पोच घ्यावी. दोन, औषधे जिल्हा रुग्णालयातून दरमहा मिळावीत आणि रक्ताचा नमुना तेथूनच मोठ्या प्रयोगशाळेकडे जावा. तीन, आई-बापांच्या भाषेतील एक पानी कार्ड मुलाबरोबर असावे : कोणती लस नको, कोणते औषध विचारल्याशिवाय नको, ताप आला तर कोणाला फोन करायचा. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. लागते ते एवढेच की, निधी मंजूर करणाऱ्याने मंजुरीच्या टिपणीतच विचारावे : पुढील महिन्याचे औषध कोण देणार आहे?

भारतात लहान मुलाचे यकृत प्रत्यारोपण प्रथम यशस्वी झाले ते नोव्हेंबर १९९८ मध्ये, दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात. वीस महिन्यांच्या त्या मुलाला बिलिअरी ॲट्रेसियाच होता आणि दाता त्याचा बाप होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. म्हणजे ही मुले केवळ जगत नाहीत, मोठी होऊन कामाला लागतात. मात्र त्यासाठी मधली सगळी वर्षे कोणीतरी औषध चुकू न देता सांभाळावी लागतात.

आमच्या वाहनचालकाची पुतणी आता शाळेत जाते. तिचा काका अधूनमधून फोन करतो. मी आधी औषधाचे विचारतो, मग अभ्यासाचे. 'प्रकरण निकाली' हे शब्द मात्र त्यानंतर कोणत्याही रुग्णाच्या फाईलवर लिहायला माझा हात धजावला नाही.