उल्का मोजणाऱ्याने तीनही लिहावेत

"वर्तमानपत्रात ताशी दीडशे छापल्या होत्या, आम्हांला सातच दिसल्या!" १४ डिसेंबर २०२३च्या रात्री दहाच्या सुमारास, गावाबाहेरच्या माळावर ही तक्रार ऐकू आली आणि निम्मी मंडळी घरी गेली. वर्तमानपत्र खोटे नव्हते, मुलेही नव्हती. दीडशेचा आकडा उल्कावर्षावाचा उगमबिंदू थेट माथ्यावर आहे आणि आकाश अगदी काळोखे आहे असे धरून काढलेला असतो. मिथुन राशीतला हा बिंदू बेळगावात त्या रात्री पावणेआठला उगवतो. नऊ वाजता तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशांवर असतो. तेवढ्या उंचीवर माथ्याच्या मानाने पावपट उल्काच वाट्याला येतात. उरलेली तूट गावाच्या दिव्यांची. रात्री अडीचला बिंदू जवळजवळ डोक्यावर येतो, पण तेव्हा माळावर आम्ही चौघेच होतो.

एखाद्या वर्षावाशी संबंध नसलेल्या तुरळक उल्कांनाही वेळेचे बंधन आहेच. पृथ्वी सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते. संध्याकाळी आपण तिच्या पाठीवर असतो, पहाटे छातीवर. पावसात सायकल हाकणाऱ्याचे काय भिजते ते बेळगावकरांना सांगायला नको! मागून येणाऱ्या कणांना पृथ्वी गाठावी लागते. समोरचे स्वतःच येऊन आदळतात, तेही सेकंदाला सत्तर किलोमीटरपर्यंतच्या वेगाने. त्यामुळे बारीक कणही डोळ्यांना दिसण्याइतके उजळतात. इटालियन खगोलज्ञ शियापारेल्ली याने हे गेल्याच्या मागच्या शतकात, १८६६च्या सुमारास मांडले होते.

इथपर्यंत सारे हिशेबात बसते. माझे भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. दीड ते अडीच या तासात आम्ही एकतीस उल्का मोजल्या. पाव तासांचे आकडे तेरा, तीन, नऊ, सहा. कागद धरणारा विद्यार्थी म्हणाला, "सर, तिनाचे आठ करू का? आलेख बरा दिसेल." मी रागावलो खरा, पण दोष त्याचा एकट्याचा नाही. प्रयोगवहीतल्या वाचनांवरून सरळ रेषा निघाली की गुण देणारे आम्हीच! उल्का एकमेकींना विचारून येत नाहीत. सरासरी आठ असली तर पाच ते अकरा हे नेहमीचेच; अधूनमधून तीन आणि तेराही यायचेच. चारही वेळा नेमके आठ आले असते तर मला संशय आला असता. त्यात एखाद्याला डुलकी लागते, कोणी बॅटरी लावतो आणि अंधाराला सरावलेले डोळे पुढची वीस मिनिटे अधू होतात. तेही कागदावर यायला हवे.

विज्ञान मंडळाला माझी सूचना एवढीच, की मोजणी रात्री बारानंतर ठेवावी, दर पाव तासाला ओळ आखावी आणि ढग, डुलकी, बॅटरी यांसाठी शेजारी एक रकाना सोडावा. कागद मराठीत भरा वा कन्नडमध्ये. खाडाखोड मात्र नको.