तारेआधी कारकून

दिवाळी अंकात नगरपालिकेच्या वीजबिलाविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कडू कारले वाढणे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. वर्षातले चार दिवस आपण दिव्यांचा सण करतो. उरलेले ३६१ दिवस गावचे दिवे कोण लावतो आणि त्यांचे पैसे कोण मोजतो, हे याच चार दिवसांत विचारले नाही तर विचारायचे तरी केव्हा?

आमच्या नगरपरिषदेच्या सभेपुढे मध्यंतरी दोन विषय एकापाठोपाठ आले. पहिला विषय असा की, आसपासच्या तीन-चार नगरपरिषदांनी मिळून एका सौर प्रकल्पात भागी घ्यावी, आणि ती वीज राज्याच्या वाहिन्यांवरून आणून आपापल्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवावेत. दुसरा विषय, कार्यालयात वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या लिपिकांच्या जागा भरण्यासाठी सरकारकडे प्रस्ताव पाठवावा. पहिला विषय बाके वाजवून एकमताने मंजूर झाला. दुसरा 'आस्थापना खर्च वाढेल' या पाच मिनिटांच्या चर्चेनंतर तहकूब झाला. माझे भांडण सौर प्रकल्पाशी नाही. सूर्याशी कोण भांडणार? माझे भांडण या क्रमाशी आहे.

तारेतून आलेली वीज पाण्यासारखी असते. त्यात आपले पाणी कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते, हे डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त वहीत दिसते. राज्य वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले. निर्मिती एका कंपनीकडे गेली, उंच मनोऱ्यांवरच्या पारेषणाच्या तारा दुसरीकडे आणि गल्लीबोळातले वितरण तिसरीकडे. म्हणजे कुठेतरी माळावर तयार झालेली आपली भागीतली वीज आपल्या जॅकवेलपर्यंत यायची, तर वाटेत दोन घरचे जकातनाके ओलांडून यायची. पारेषणाचा आकार द्यायचा, वहन आकार द्यायचा, शिवाय वाटेतली गळती सोसायची. पलीकडे शंभर युनिट घातले म्हणजे अलीकडे शंभर निघत नाहीत.

आणि हा हिशेब महिन्याकाठी एका आकड्याचा नसतो. अशा विजेची मोजदाद दर पंधरा मिनिटांची होते. दिवसाचे ९६ भाग, तीस दिवसांच्या महिन्याचे २,८८० भाग. प्रत्येक भागात प्रकल्पातून किती आले, पंपाने किती घेतले आणि उरलेले कोणाच्या खाती गेले, हे ताडून पाहायचे असते. यापुढची अट तर आणखी कडक आहे. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे असा सामाईक प्रकल्प स्वतःच्या वापराचा म्हणून टिकायचा, तर वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के हवी, आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच, आपापल्या भागीच्या प्रमाणात, वापरलेली हवी. वर्षअखेर हे गणित चुकले, की त्या साऱ्या वर्षाची वीज परक्याकडून विकत घेतल्यासारखी धरतात आणि तिच्यावर अधिभार बसतो. एका गावचे पंप दोन महिने बंद पडले, तर त्याचा फटका भागीतल्या सर्व गावांना बसू शकतो.

आता मला सांगा, हे २,८८० भाग आमच्या पालिकेत कोण वाचणार? पाणीपुरवठ्याकडे जो एक कारकून उरला आहे, त्याच्याकडे आवक-जावकही आहे, बाजार-शुल्काच्या पावत्याही आहेत, आणि निवडणूक लागली की मतदार याद्याही त्याच्याच गळ्यात पडतात. त्या बिचाऱ्याला साधे महिन्याचे बिल वेळेवर पाहायला मिळत नाही.

साध्या बिलातच किती पैसा आहे पाहा. महावितरणच्या दरपत्रकात गेली कित्येक वर्षे अशी तरतूद आहे की, बिल निघाल्यापासून सात दिवसांत पैसे भरले तर कर आणि शुल्क वगळून एक टक्का सूट मिळते, आणि मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार पडतो. समजा, पंपांचे महिन्याचे बिल १० लाख रुपयांचे आहे. वेळेत भरले तर १० हजार वाचले. उशीर झाला तर साडेबारा हजार वर गेले. अंतर साडेबावीस हजारांचे झाले. राज्य शासनाच्या वेतनश्रेणीत लिपिक-टंकलेखकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. भत्ते धरले तर आकडा वाढतो हे मलाही कळते; पण ज्या कारकुनाच्या पगाराने 'आस्थापना खर्च वाढतो', तो कारकून नुसते बिल टेबलावरून टेबलावर वेळेत सरकवून आपल्या मूळ वेतनाइतके पैसे परत आणू शकतो, हे सभेत एकाही सदस्याला सुचू नये? आमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलांना हे त्रैराशिक येते.

बिलात आणखीही पुष्कळ काही लिहिलेले असते. २०२० पासून मोठ्या जोडण्यांचे बिल नुसत्या युनिटांवर होत नाही, केव्हीएएच नावाच्या मापावर होते. पंपघरातला कपॅसिटर जळाला, तर पंप पूर्वीइतकेच पाणी उपसतो, पण बिल फुगते. तो जळाला आहे हे प्रथम बिलातच उमटते, आणि बिल वाचणाराच नसेल तर ते उमटून उपयोग काय? रस्त्यावरच्या दिव्यांचे तसेच. शंभर वॅटचा एक दिवा दिवसाउजेडी बारा तास जळत राहिला तर १.२ युनिट फुकट. असे शंभर दिवे जळत राहिले तर महिन्याला ३,६०० युनिट. आमच्याकडे बाजारपेठेतले दिवे सकाळी दहा वाजता सूर्यनारायणाला ओवाळीत असतात, ते मी शाळेत जाता-येता पाहतो. जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसविण्याची राष्ट्रीय योजना २०१५ साली निघाली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. दिवा कमी वीज खातो हे खरेच. पण तो कोणत्या वेळी बंद करायचा, हे त्याच्या पेटीवर लिहून येत नाही.

रस्त्यांवर दिवे लावणे हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. जन्म-मृत्यूची नोंद हेही तिचेच काम. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायचे, पुढे त्याचे नाव मतदार यादीत लावायचे, तर जन्माचा दाखला हाच त्याच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा आधार. म्हणजे कायद्याने कारकुनाच्या टेबलाचे वजन वाढविले, आणि पालिकेने त्या टेबलामागची खुर्ची उचलून नेली! दाखल्यात आईचे नाव चुकले म्हणून मजुरी बुडवून तीन-तीन खेपा घालणारे पालक मला जूनमध्ये शाळेच्या पायरीवर भेटतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली आहे, दंडही सांगितला आहे. पण मुदत पाळायला माणूस लागतो.

यावर सदस्य मंडळींची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे, सगळे आता संगणकावर आहे. असेना का! संगणक २,८८० आकडे छापून देईल; त्यातला सतराशेवा आकडा खोटा आहे अशी शंका त्याला येणार नाही. दुसरे उत्तर, कंत्राटी मुले घेऊ. सरकारी कार्यालयांत बाहेरच्या कंपन्यांमार्फत माणसे घेण्याचा शासन निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि पुढच्याच महिन्यात लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला, ही काही जुनी गोष्ट नाही. कंत्राटी पोरे वाईट नसतात. त्यांतली काही माझेच विद्यार्थी आहेत. पण अकरा महिन्यांनी जाणाऱ्या माणसाला मागच्या वर्षीचे बिल आठवायचे कसे, आणि पंचवीस वर्षांच्या कराराचा हिशेब त्याने कोणाच्या जिवावर सांभाळायचा? तिसरे उत्तर सर्वांत मासलेवाईक आहे. प्रकल्पवाल्यांचाच सल्लागार हिशेब ठेवून देईल म्हणे. मांजरच दुधाचा रतीब लिहून ठेवणार!

चौथे उत्तर मात्र अर्धे खरे आहे. पदांचा आकृतीबंध शासन मंजूर करते, मुख्याधिकारी शासनाचा, आणि १९९९ साली जकात गेल्यापासून पालिकांची नजर मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर. आमच्या हातात काय आहे, असे नगरसेवक म्हणतात. मान्य. पण सौर प्रकल्पाला काय मुंबईची परवानगी लागत नाही? त्यासाठी चार वेळा गाड्या मुंबईला गेल्या. कारकुनांच्या प्रस्तावासाठी एक टपाल जाऊ नये?

लहान गावांनी मिळून वीज आणू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. केरळातल्या त्रिचूरच्या नगरपालिकेने १९३७ साली गावचा वीजपुरवठा एका कंपनीकडून आपल्या हाती घेतला आणि तिथली महापालिका आजही तो चालविते. अमेरिकेत नेब्रास्का नावाच्या शेतकऱ्यांच्या राज्यात सगळी वीज गावांच्या, जिल्ह्यांच्या वा सहकारी संस्थांच्याच मालकीची आहे. त्या देशात कित्येक लहान गावे एकत्र येऊन वीज आणि तारांतला वाटा घेतात, आणि गावचा क्लार्क हा तिथे मानाचा अधिकारी असतो. सभेचे इतिवृत्त लिहिणे, ठराव आणि करार जपून ठेवणे हे त्याचे काम. आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था होती. तिचे क्षेत्र २०११ साली महावितरणकडे गेले. त्याला कारणे अनेक, त्यांवरचे वादही अनेक. पण तारा जागच्या जागी असताना थकबाकीच्या खात्याने संस्था कशी ओढली जाते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते प्रकरण वाचावे.

मधली काही वर्षे बहुतेक पालिकांत प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नवी मंडळी सभागृहात आली. त्यांतले काही या दिवाळीत तुमच्या घरी फराळाला येतील. चकलीची बशी पुढे करताना त्यांना एवढेच विचारा की, भागीतल्या विजेचे पहिले बिल येईल तेव्हा ते कोणाच्या टेबलावर जाणार आहे? संगणकाचे, कंपनीचे, सल्लागाराचे नाव नको. पालिकेच्या हजेरीपटावरच्या माणसाचे नाव सांगा म्हणावे. ते सांगता येत नसेल, तर करारावर सही होण्यापूर्वी सभेत तो तहकूब विषय पुन्हा घ्यायला लावा. त्याचा कागद अजून फाइलीत आहे. मी जाऊन पाहून आलो. ती फाइल शोधून द्यायलाही तिथे माणूस नव्हता; शिपायाने दिली.